आपल्या प्रांतीची पंगत : डहाणू-तलासरीच्या अन्नपानाचा काही इतिहास



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त ही स्मरणिका काढण्याचे ठरले, तेव्हा संपादक मंडळाने मजकडे काही इतिहासपर लेख मागितला. ख्रिस्तमंदिराच्या उभारणीची हकीकत व येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची स्मृती ह्या पुस्तिकेत इतरत्र आलीच आहे. म्हणून मी थोडा निराळा विषय निवडला, तो म्हणजे आपल्या प्रांतातील जेवणाचा, पेयाचा व पंगतीचा. हे ऐकून एक वृद्ध धर्मबंधू हसून म्हणाले, "फादर, चाळीस दिवस उपवासाचा उपदेश करणारे तुम्ही, आणि महोत्सवाच्या पुस्तकात जेवणावळीवर लिहिणार?" मी त्यांस उत्तर दिले की, बाबा, ज्या प्रभूने चाळीस दिवस उपवास केला, त्यानेच पुढे काना गावी लग्नाच्या जेवणात पाण्याचा द्राक्षारस केला. उपवास आणि पंगत ही दोन्ही त्याचीच आहेत.

विषय वाटतो तितका हलका नाही. डहाणू-तलासरीच्या वारली, कोकणा, धोडी, मांगेला आदी समाजांनी आपला इतिहास ग्रंथांत लिहून ठेवला नाही. परंतु येथील माणसे कोणासोबत जेवली, काय प्याली आणि त्या जेवणाचे मोल शेवटी कोणास द्यावे लागले, एवढे जरी नीट पाहिले, तरी या भूमीचा पुष्कळसा इतिहास हाती येतो. त्या इतिहासात आनंद आहे, तसाच अश्रूंचाही भाग आहे. आणि महोत्सवाच्या दिवशी दोहोंचे स्मरण करणे मला योग्य वाटते.

एका धर्मगुरूने पाहिलेली ताडी

या किनाऱ्यावरील पेयाविषयी जुने लेखी वर्णन आपणांस एका कॅथलिक धर्मगुरूकडूनच मिळते, ही मोठ्या कौतुकाची गोष्ट होय. डॉमिनिकन संघाचे फादर जॉर्डेनस १३२१ साली ठाण्यास आले. त्यांचे चार फ्रान्सिस्कन सोबती त्याच वर्षी ठाणे येथे रक्तसाक्षी झाले. त्यांचे देह जॉर्डेनस यांनी सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढे ठाणे, सोपारा, भडोच या पट्ट्यात त्यांनी एकाकी सेवा केली व १३२९ साली कोल्लमचे बिशप म्हणून त्यांची नेमणूक झाली. भारतातील नवलांविषयी त्यांनी लॅटिन भाषेत एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात ते नारळाच्या झाडाचे वर्णन करितात, आणि मग सांगतात की येथे 'ताडी' नावाचे आणखी एक झाड आहे व ते वर्षभर एक शुभ्र, पिण्यास गोड असा रस देते. सोबत्यांच्या रक्ताने ज्याचा मार्ग भिजला होता, त्या माणसाने या भूमीतील एका साध्या पेयाची गोडी कृतज्ञतेने नोंदवून ठेवली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

ताडी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. तरीही शहरात वाढलेल्या तरुणांसाठी दोन शब्द लिहितो. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडावर चढून धारदार कोयत्याने छेद घेतात व तेथे मडके बांधतात. रात्रभर थेंब थेंब रस साठतो. सूर्योदयापूर्वी उतरविलेला ताजा रस गोड असतो, त्यास नीरा म्हणतात. ऊन चढू लागले की तो आपोआप आंबतो व त्याची ताडी होते. त्यास भट्टी लागत नाही व साखरही लागत नाही. झाडावर चढणाऱ्याचे धैर्य आणि हाताचे कौशल्य मात्र लागते. उंच ताडावर चढलेला माणूस व त्याच्या कमरेचे मडके वारली चित्रांत आपण पाहतोच. ती चित्रकला जगापुढे नेणारे आपल्या डहाणू तालुक्याचे जिव्या सोमा म्हसे यांस २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले.

तीन पंगती

या प्रांतात पूर्वीपासून तीन निरनिराळ्या पंगती बसत आल्या आहेत, आणि तिन्हींचे मूळ तत्त्व आश्चर्य वाटावे इतके सारखे आहे.

पहिली पंगत वारल्यांची. वारल्यांची अन्नदेवता कणसरी. नवे पीक तिच्या नावे अर्पण केल्यावाचून खाऊ नये, ही जुनी मर्यादा. लग्न असले की धवलेरी लग्नगीते गाते, भिंतीवर चौक लिहिला जातो, तारप्याच्या सुरावर नाच होतो, आणि सर्व पाड्यास अन्न व ताडी मिळते. पिण्यापूर्वी काही थेंब भूमीवर शिंपडून पूर्वजांचे स्मरण करितात. ताडी तेथे एकट्याने कोपऱ्यात बसून पिण्याची वस्तू नव्हती. ती जन्म, लग्न, मरण या प्रसंगी सर्वांनी मिळून घ्यावयाची होती.

दुसरी पंगत पारशांची. इराणातून आलेले हे लोक आपल्या उत्तरेस संजाण येथे उतरले. बोर्डीजवळील बाहरोटच्या डोंगरात त्यांनी संकटकाळी आपला पवित्र अग्नी जपला. त्यांच्या धर्मात वर्षातून सहा वेळा 'गहंबार' नावाचा उत्सव असतो. त्यात श्रीमंत व गरीब एकाच पंगतीस बसून एकच अन्न खातात. ज्याची ऐपत असेल त्याने धान्य द्यावे, आणि ज्याची नसेल त्याने हाताने काम करावे. परंतु पंगतीबाहेर कोणी राहू नये, असा तेथील दंडक आहे.

तिसरी पंगत आपली. आरंभीच्या ख्रिस्तसभेत प्रभुभोजनासोबत सर्वांनी मिळून जेवण्याची रीत होती. परंतु करिंथ शहरात लवकरच बिघाड झाला. संपन्न लोक आधी येऊन आपापले जेवण उरकीत. श्रमकरी उशिरा येत तेव्हा कोणी उपाशी, तर कोणी झिंगलेला, असे दृश्य दिसे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात संत पौल यांनी याबद्दल त्यांस कठोर शब्द ऐकविले आहेत. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांस तुम्ही लाजविता, असा त्यांचा आरोप आहे. आणि त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय किती साधा! जेवावयास एकत्र याल, तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

येथे लक्षात घ्यावे की संत पौल यांनी जेवण किंवा द्राक्षारस वर्ज्य केला नाही. आपल्या ख्रिस्तसभेने तो कधीच केला नाही. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांच्या नियमावलीतील चाळिसाव्या प्रकरणात प्रत्येक साधूस दिवसास 'हेमिना' नावाचे एक लहान माप द्राक्षारस पुरेसा मानला आहे. काम किंवा उन्हाळा अधिक असल्यास वरिष्ठाने थोडे वाढवून द्यावे, असे म्हटले आहे. आणि जेथे द्राक्षारस मिळतच नाही तेथे कुरकूर न करिता देवाचे आभार मानावेत, असेही सांगितले आहे. माप, समजूत आणि समाधान या तीन गोष्टी त्या एका लहानशा प्रकरणात आहेत.

पंगतीचे मोल

आता अश्रूंचा भाग सांगितला पाहिजे.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा झाला. छेद घेतलेल्या प्रत्येक झाडावर कर बसला; दारू गाळणे व विकणे ठेकेदारांच्या हाती गेले. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांविषयीचा कायदा आला, आणि रानात पडलेली फुले गोळा करून घरी ठेवणे हाच गुन्हा ठरला. याचा परिणाम काय झाला? जे पेय झाडावरून उतरून पंगतीत येत होते, ते आता गुत्त्यावरून उधारीने येऊ लागले. पूर्वी ताडी संपली की पिणे संपत असे. आता उधारीची वही उघडी असेपर्यंत ते संपेना. ताडापासून दुकानापर्यंतचा हा प्रवास आपल्या आदिवासी बांधवांस फार महाग पडला.

त्याहून महाग पडली लग्नाची पंगत. लग्नाचा खर्च करण्यासाठी वारली तरुण जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून कर्ज घेई, आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघेही त्याच्या घरी व शेतावर राबत. ते कर्ज फिटत नसे. अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत. शब्द किती मंगल, आणि अर्थ किती दारुण! १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नामक सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीचा अहवाल तयार केला. त्यातही या लग्नाच्या गुलामगिरीचे वर्णन आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की 'खावटी' म्हणून भात उचलावा लागे. तो सुगीत वाढत्या मापाने परत द्यावा लागे. म्हणजे एका पंगतीच्या आनंदासाठी आयुष्याची भाकरी गहाण पडे.

लोक स्वस्थ बसले होते असे नव्हे. १९२२ साली या किनाऱ्यावरील मच्छीमारांत देवीच्या संचाराची एक चळवळ उठली व डोंगरपट्टीतून थेट दक्षिण गुजरातेत पसरली. दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूच्या ठेकेदाराकडे चाकरी करू नका, असे त्या देवीचे आदेश असत. कोणी मोठा नेता बाहेरून आला नव्हता. गोरगरिबांनी आपले दुःख आपणच ओळखले होते. त्यानंतर १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने तेव्हाच्या उंबरगाव व डहाणू तालुक्यांत वेठबिगार व लग्नगडीच्या प्रथेविरुद्ध लढा उभारला. मे महिन्यात झरी येथे हजारो वारली जमले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण प्राणास मुकले. त्या चळवळीच्या सर्व विचारांशी आपली सहमती असेलच असे नाही. परंतु माणसास लग्नाच्या कर्जापायी दास करणे हे देवाच्या दृष्टीने पाप आहे, हे सत्य त्या अशिक्षित वारल्यांनी आपल्या रक्ताने लिहिले, एवढे कबूल करावयास कोणाही ख्रिस्ती माणसाची जीभ अडखळू नये. पुढे १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा साऱ्या देशात लागू झाला.

माझी एक चूक

हा इतिहास मी पुस्तकांतून शिकलो खरा, पण त्याचा अर्थ मला एका प्रसंगाने शिकविला. मी तरुण धर्मगुरू असताना एका पाड्यावर लग्न लावावयास गेलो होतो. मोठा मांडव, विजेची रोषणाई, मटणाचे जेवण, शेकडो पाहुणे. मी व्यासपीठावरून वधूपित्याच्या आतिथ्याची तोंड भरून स्तुती केली आणि इतरांनीही असाच आनंद साजरा करावा, असे बोलून गेलो. दिवाळीनंतर त्या घरी गेलो तो दारास कडी. शेजारणीने सांगितले की, लग्नासाठी वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली होती. ती फेडावयास सारे कुटुंब भट्टीवर गेले आहे. धाकटी मुलगी शाळेत हुशार होती, तीही सोबत गेली. त्या वर्षी ती परीक्षेस बसली नाही.

मी घरी परतलो तेव्हा मला जेवण गेले नाही. लग्नगडी हा शब्द कायद्यातून गेला होता, पण माझ्या डोळ्यांदेखत तो दुसऱ्या नावाने परत आला होता, आणि मी त्याची व्यासपीठावरून वाहवा केली होती. तेव्हापासून लग्नाची नोंद करावयास येणाऱ्या प्रत्येक कुटुंबास मी आधी एकच प्रश्न विचारतो : "जेवणाचे पैसे कोठून येणार?"

हल्लीचा काळ

आता दिवस पालटले आहेत. डहाणू, घोलवड, बोर्डी येथे इराणी व इतर बागाईतदारांनी वाढविलेल्या चिकूच्या बागा आज या प्रांताची ओळख आहेत. चिकूचे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले. पण आपल्या मातीत ते असे रुजले की २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' यास भौगोलिक मानांकन मिळाले. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केल्यामुळेही या बागांस आधार मिळाला. बोर्डी येथे आता चिकूपासून वाईन तयार होते. आपली मुले मित्रमंडळींसह ती चाखावयास जातात. कोणी जव्हार, मोखाडा, त्र्यंबक या वाटेने नाशिकला जाऊन द्राक्षमळे पाहून येतात. तेथे १९९९ साली सुला व्हिनयार्ड्सची स्थापना झाली व २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. तेव्हापासून द्राक्षमळ्यांची सहल ही नवी रीतच पडली आहे. तलासरीच्या महामार्गावर उत्तम भोजनगृहे झाली आहेत. रविवारी चार कुटुंबे एकत्र जमून नवे नवे पदार्थ रांधतात.

काही ज्येष्ठ मंडळी याविषयी मजकडे तक्रार करितात. माझे मत मी स्पष्ट सांगतो. कष्टाच्या पैशाने, मित्रांच्या संगतीत, मापाने घेतलेले चांगले अन्नपान हे पाप नव्हे. ती देवाची देणगी होय. मात्र एक गोष्ट जिज्ञासू वाचकांनी ध्यानात ठेवावी : पवित्र मिस्सेसाठी केवळ द्राक्षाचाच शुद्ध रस चालतो, चिकूचा किंवा ताडाचा नव्हे, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची निराळी तरतूद ठेविली. वेदीवरचा प्याला एकच आहे. मेजावरचे प्याले अनेक असोत. परंतु त्यांनी वेदीवरच्या प्याल्याची आठवण ठेवावी, एवढीच अपेक्षा.

ती आठवण ठेवायची म्हणजे काय, हे मला एका थंडीच्या रात्री कळले. पौष महिना होता. एका पाड्यावर प्रार्थना आटोपल्यावर उकडहंडीचा बेत होता. वालपापडी, कोनफळ, रताळी, बटाटे, वांगी, हिरवी लसूण, ओवा, खोबरे, असा सारा शेतातला माल मातीच्या हंडीत भरला. तोंड रानपाल्याने घट्ट बंद केले. हंडी पालथी ठेवून भोवती काटक्या व पालापाचोळा रचून आग लाविली. उकडहंडीत पाणी घालीत नाहीत. भाज्या आपल्याच रसात शिजतात. सुमारे तासाभराने हंडी उघडली, तेव्हा तो वास साऱ्या अंगणात दरवळला. मुले पाने घेऊन बसली. मीही भुकेलेला होतो. पण घरची आजी वाढीना. मी विचारले, तर म्हणाली, "फादर, थांबा जरा. खालच्या पाड्यावरचा म्हातारा अजून आला नाही. त्याला दिसत कमी, चालायला वेळ लागतो." आम्ही थांबलो. शेकोटीभोवती गोष्टी निघाल्या. अर्ध्या घटकेने काठी टेकीत तो वृद्ध आला, आणि मग हंडी रिकामी झाली.

त्या आजीला वाचता येत नव्हते. करिंथकरांस लिहिलेले पत्र तिने कधी हाती धरले नव्हते. तरी संत पौल यांनी जे लिहिले तेच ती करीत होती : ती एकमेकांसाठी थांबण्याची रीत पाळीत होती.

महोत्सवाची पंगत

म्हणून, धर्मबंधूंनो व भगिनींनो, या महोत्सवाच्या भोजनाविषयी मी तीन सूचना करितो, आणि त्या आपल्या प्रांताच्या इतिहासातून घेतल्या आहेत. एक : ज्याची ऐपत असेल त्याने धान्य द्यावे, नसेल त्याने हाताचे काम द्यावे, आणि कोणाच्याही नावापुढे देणगीचा आकडा वाचून दाखवू नये. दोन : या जेवणासाठी धर्मग्रामाने अथवा कोणा कुटुंबाने एक रुपयाचेही कर्ज काढू नये, पक्वान्न एक कमी झाले तरी चालेल. तीन : पेय असेल तर ते संत बेनेडिक्ट यांच्या मापाने असावे, आणि ज्यांच्या घरात दारूने घात केला आहे त्यांच्या डोळ्यांसमोर ते मुळीच नसावे.

आणि पंगत बसण्यापूर्वी एकदा वाटेकडे पाहावे. काठी टेकीत कोणी येत असेल. वीटभट्टीवरून उशिरा परतलेले कोणी कुटुंब असेल. ते बसेपर्यंत आपण थांबावे.

ज्या प्रभूने काना गावी सहा दगडी रांजण भरविले, तो आपल्या धर्मग्रामाची हंडी कधी रिती न ठेवो, आणि आपल्या पंगतीत कोणाची जागा रिकामी न राहो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.